तिसरी ‘ब’मधली सामुदायिक कॉपी

कासारवाडीत मिनलइतकी तल्लख गुप्तहेर दुसरी नव्हती. हे मत खुद्द मिनलचंच असल्यामुळे त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. लेकीच्या डब्यातली भेंडी कोणी फस्त केली, हे ती मैत्रिणींच्या ढेकरांवरून ओळखायची.

एरवी ती लेकीच्या, म्हणजे स्वरूपाच्या, शाळेसाठी घरबसल्या ऑनलाइन गृहपाठ तयार करायची. चार पर्यायांतून एक निवडा, असले प्रश्न तिला हलके वाटत. तिच्या प्रश्नांत चित्रावर नेमक्या जागी बोट टेकवायचं असे, नाहीतर चिठ्ठ्या ओढून जागेवर सोडायच्या असत. आणि त्या प्रत्येक मुलाला वेगळ्याच क्रमाने दिसत. “इथं कॉपी होणं शक्यच नाही,” असं तिनं मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं.

आणि आज तिसरी ‘ब’नं तिला तोंडघशी पाडलं. प्रश्न साधा होता: ‘बाबा घरी असतात तो सुट्टीचा वार ओढून घराच्या चित्रात सोडा.’ उत्तर, रविवार. जवळजवळ अख्ख्या वर्गानं घरात गुरुवार नेऊन सोडला होता. स्वरूपानंसुद्धा!

संध्याकाळपर्यंत बाईंना कळवायचं होतं. कॉपी ठरली की नावं फलकावर, आणि त्यात आपलीच पोर. पण गुप्तहेराला पोर असून चालत नाही.

“चूक एक, म्हणजे सूत्रधारही एक!”

पहिला संशय पालकांच्या ग्रुपवर. तिथं नुसती सुप्रभातची फुलं. सांकेतिक भाषा असेल म्हणून तिनं पाकळ्याही मोजल्या. मग व्हॅनवाल्या ज्योतीरामकाकांना फोन.

“काका, व्हॅनमध्ये मुलांना काय शिकवता?”

“हात भायेर काढू नका, येवढंच. त्येबी न्हाई ऐकत, ताई.”

फारच सफाईदार उत्तर! तिनं काकांना संशयितांत कायम ठेवलं आणि स्वरूपाला समोर बसवलं.

“गुरुवार तुला कोणी सांगितला?”

“बाबांनी.”

मिनल तडक उठली. सूत्रधार स्वयंपाकघरात लसूण सोलत होता.

“भूषण, कबूल कर. पोरीला गुरुवार तू सांगितलास?”

“हो. बागेत गुरुवारी नेतो म्हणालो.”

“गुरुवारीच का?”

“अगं, कंपनीला सुट्टी गुरुवारी! इथल्या बहुतेक कंपन्यांना गुरुवारीच असते. रविवारी पहाटे मला डबा कोण भरून देतं?”

“मी,” गुप्तहेर क्षीण आवाजात म्हणाली.

“आणि आज मी घरात काय करतोय?”

“...लसूण सोलतोयस.”

“वार कुठला?”

मिनल गुपचूप लॅपटॉपकडे वळली. ज्याच्या घरी जो वार, तो बरोबर, असं उत्तर तिनं बदललं. लाल फुल्यांच्या जागी हिरव्या खुणा उमटल्या. स्वरूपा खांद्यावरून बघत होती.

“आई, म्हणजे मी कॉपी नव्हती केली?”

“नाही गं, राणी.”

“मग मला फुली कोणी दिली होती?”

स्वयंपाकघरात कोणीतरी खुदकन हसलं. मिनलनं लॅपटॉप मिटला.

“तपास चालू आहे.”