अनसाबाईंची लाथ

दुसरबीडमध्ये पोलीस पाटलाला लाथ मारून वर त्याचाच नमस्कार घेणारी एकच बाई होती: आमच्या शेजारच्या अनसाबाई. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसाची लाथ बसली की कंबरेत भरलेली उसण निघते, असं सारं गाव मानायचं. गावापेक्षा जास्त अनसाबाई मानायच्या.

एरवी पाटील दिसले की पदर सावरून बाजूला होणारी ही बाई, पाटील अंगणात पालथे पडले की खडसावायची, "कन्हू नका! श्वास सोडा!" मग डाव्या पायाच्या तीन लाथा. लगेच प्रश्न, "निंगाली का?" यावर 'नाही' म्हणायची सोय नव्हती. कुणी चाचरलाच तर "उपडा हो बे पुन्हा," असा हुकूम सुटायचा. त्यामुळे त्या अंगणातून प्रत्येक जण बरा होऊनच बाहेर पडे.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. एकदा वर्गातलं कपाट सरकवताना कंबरेत कळ आली, ती मांडीमागून थेट टाचेपर्यंत गेली. खोकलो तरी पायात वीज शिरे. अनसाबाई आपण होऊन आल्या. तीन लाथा बसल्या. "निघाली," मी म्हणालो. पण मला उठताच येईना.

दुसऱ्या दिवशी बसनं देऊळगाव राजा गाठलं, सबंध रस्ता उभ्यानं, कारण बसवतच नव्हतं. डॉक्टरांनी मला उताणं निजवून पाय सरळ वर उचलला. मी ओरडलो तसं त्यांना समाधान वाटलं. "मणक्यांमधली गादी सरकली आहे. तिथून पायात जाणाऱ्या शिरेच्या मुळाशी सूज आलीय. म्हणून दुखणं कंबरेचं आणि ठणका टाचेला. ही सूज उतरली की बराचसा आराम पडेल. गोळ्या घ्या, थोडे दिवस जपा, मग हळूहळू चाला. कुणाकडून लाथा मात्र खाऊ नका."

परतलो तेव्हा अनसाबाई दारातच. "डागदर काय म्हने?"

मी आढेवेढे घेत सांगितलं.

"म्हंजे म्या सुजीवर लाथ मारली?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून बाई डॉक्टरांच्याही वरचढ झाल्या. आलेल्याला उभं करून विचारत, "कळ गुडघ्याखाली जाते का?" 'हाव' म्हटलं की निकाल: "मंग माही लाथ नाही. शिरेले सूज असंन. देऊळगावले जाय." पाटील तर गयावया करत होते, "अनसाबाई, एक तरी!" बाई ढिम्म.

दीड महिन्यानं मी पायावर आलो. एका दुपारी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो, त्या मेथी निवडत होत्या. मी सहज म्हणालो, "लोक अजून मागतात. दोन लाथा मारायला काय हरकत आहे?"

त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, कसल्याशा तापानं.

"माह्या मालकालेबी असाच टाचेपावतर ठणका व्हता, गुरुजी. दोन म्हैने लाथा मारल्या म्या. तो हासून उठे, अन् बैलगाडीले धरून घटकाभर उभा राहे. मी म्हनो, हा काम चुकवून राह्यला. लय बोलली त्याले." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "त्याले बसताच येत नसंन. मले वाईट वाटंन म्हनून बोलला नाही."

त्यांनी निवडलेली मेथी माझ्यापुढं सरकवली.

"लय येळ बसू नका, गुरुजी. उठा, चाला जरासं."