मामा आणि तिसरी पिन

आमचे नामदेवमामा कुणाच्याही घरी गेले की पाणी नंतर घेतात, आधी विजेचा बोर्ड तपासतात. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, मामा टेस्टर लावतात. "जयभीम" म्हणायचं, चप्पल काढायची आणि लगेच विचारायचं, "लॅपटॉप कुठं लावता?" घरात लॅपटॉप नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मग मोबाइलच्या चार्जरवर भागवून घेतात.

त्यांना इलेक्ट्रिशियन वगैरे समजू नका. कासुर्डीत त्यांची शेवंती आहे, उरलेल्या रानात कांदा. विजेचं जे काही येतं ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आलेलं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं. चार्जर चालत नाही म्हटलं की दुसऱ्या बोर्डात लावून बघा, पिन पुसा, वायर कुठं दुमडलीय का बघा, इथपर्यंत ते बरोबर असतात. पुढे गाडी घसरते. माझ्या जावेचा चार्जर त्यांनी उन्हात वाळत घातला होता. म्हणे, दमट झालाय. तो गेलाच. वर जावेलाच सांगतात, "आधीच गेल्याला होता. मी फकस्त निदान केलं."

या नादाला कारण आहे. मामांचा मुलगा अमोल पुण्यात एका कंपनीत आहे. मामी गेल्या, त्यानंतर तो घरून काम करतो म्हणून कासुर्डीला राहायला आला. मामांना आकाश ठेंगणं झालं. पण घरातला बोर्ड जुना, दोन भोकांचा, आणि चार्जरला पिना तीन. अमोलची मीटिंग तोंडावर आलेली. मामांनी पक्कड घेतली आणि वरची जाडी, अर्थिंगची पिन मोडून टाकली. आमच्याकडे हे सगळेच करतात. मिक्सर म्हणा, इस्त्री म्हणा, कशालाच तिसरी पिन शिल्लक नसते.

चार्जर चालला. पण त्याच आठवड्यात, भर मीटिंगमध्ये, त्यातून धूर निघाला आणि लॅपटॉपही गेला. वायरमन म्हणाला, डीपीवरची न्यूट्रल तार तुटून विजेचा दाब वाढला होता, आळीतल्या सगळ्यांचेच टीव्ही गेलेत. पण मामांच्या डोक्यात पिन बसली ती बसलीच. अमोल संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला तो परत राहायला म्हणून आला नाही. फोनवर एकच सांगतो, "आप्पा, तिथं चार्जिंगचा भरवसा नाही." लेकाला घरी आणायचं तर आधी चार्जिंगचं समजून घेतलं पाहिजे, असं मामांनी धरलं. तेव्हापासून दिसेल त्या चार्जरची नाडी बघत फिरतात.

आता माझ्या नणंदेच्या वेळचं सांगते. माझं सासर शिरूरचं. नणंदेला तळेगाव ढमढेऱ्याचं स्थळ आलं, मुलगा घरूनच काम करणारा. आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. वडीलधारं माणूस बरोबर असावं म्हणून सासऱ्यांनीच मामांना बोलावलं होतं, आणि मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पोहे आले. कोपऱ्यातल्या टेबलावर मुलाचा लॅपटॉप चालू होता. मामा बशी ठेवून उठले आणि त्यांनी लॅपटॉपला उलटा हात लावला.

"झिणझिण्या मारतोय. अर्थिंग न्हाई ह्या घराला."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी प्लग उपटला. लॅपटॉप जागच्या जागी बंद. मुलगा ताडकन उभा राहिला, त्याचं सकाळपासूनचं काम गेलं होतं. मामा मात्र माझ्या सासऱ्यांकडे वळून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बॅटरी मेलीय ह्याची. चार्जर काढला की खेळ खलास. पोरानं आपल्याला हे सांगितलं न्हाई. आजून काय काय सांगितलं नसंल, इचारून घ्या."

मी पोह्यातल्या मिरच्या वेचत बसले. मान वर करायची सोय राहिली नव्हती. सोयरीक टिकली ती केवळ त्या मुलाच्या चांगुलपणावर. शिरूरला घरात शिरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सुमन, साखरपुड्याला तुझे मामा नकोत."

हे फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना. म्हणून रविवारी स्वतःच कासुर्डीला निघाले. ऑफिसचं थोडं काम राहिलेलं, लॅपटॉप पिशवीत टाकला. वाटेत अमोलला फोन करून म्हटलं, "अरे, चार दिवस येऊन राहा की. म्हणजे तुझे आप्पा लोकांचे प्लग उपटायचे तरी थांबतील."

तो हसला. मग म्हणाला, "ताई, चार्जरचं कारण बरं पडतं गं. आई नाही तर त्या घरात मला करमत नाही. आप्पांना हे कसं सांगू?"

मामा दारातच उभे होते. माझं काही ऐकून न घेता त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. ही मामींची खोली. भिंतीवर नवा बोर्ड, सगळी भोकं तीन पिनांची. खाली स्टॅबिलायझर, माळ्यावर इन्व्हर्टर, खिडकीशी टेबल, आणि खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. मागं परसात अर्थिंगचा खड्डा, त्यातली माती ओली राहावी म्हणून ते रोज तांब्याभर पाणी ओततात. "शेवंतीला एकांदं टायमाला चुकतंय, ह्याला न्हाई," म्हणाले.

"लाव तुझा," त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. मी चार्जर लावला, दिवा लागला. मामा फरशीवर बसून त्या दिव्याकडे बघत राहिले.

"मामा," मी म्हटलं, "अमोल चार्जरमुळं..."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "बापाला कळत न्हाई व्हय? आईबिगर घर खायला उठतंय त्याला. मलाबी उठतंय. त्याला काय करावं ते मला उमगत न्हाई, सुमे. चार्जरचं तरी कायतरी करता येतंय."

मग त्यांनीच विषय काढला. "साखरपुड्याला मी काय येत न्हाई गं. त्या दिशी लई शोभा झाली. सासरच्या माणसांत तुला खाली बघाया लागलं माझ्यापायी." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बोटानं फरशीवरची नसलेली धूळ पुसत होते.

मला माझीच फार लाज वाटली. मी काय सांगायला आलेय हे त्यांनी दारातच ओळखलं होतं. म्हटलं, "येत नाही म्हणजे काय? तुम्ही यायचंय. सासूबाईंचं मी बघते." त्यावर ते उठले आणि खुर्ची टेबलाशी सरकवली.

"तुझं काय काम आसंल तर बस की हितंच," ते म्हणाले. "मी भाईर हाय."

मी खुर्चीवर प्लास्टिकसकट बसले. ते काढायचं माझ्या हातून झालं नाही. काम थोडंसंच होतं, लगेच संपलं, तरी मी काहीबाही टाइप करत बसून राहिले. बाहेर पायरीवर मामा होते. शेजारचं कुणीतरी त्यांना मोठमोठ्यानं हाका मारत आलं, तसा मामांचा दबका आवाज ऐकू आला.

"हळू बोल की जरा. आत काम चाललंय."