इंगोले काकांची निजलेली काठी

मे महिना होता, कूलरमधलं पाणीसुद्धा तापलेलं, आणि आमचे इंगोले काका मला समजावून सांगत होते की तळ्यावर पाय ठेवण्याआधी बर्फ निदान वीतभर जाड आहे ना, हे तपासून घ्यावं. मी मान डोलावली. रायपुरात वीतभर जाड बर्फ फक्त उसाच्या रसवाल्याकडे मिळतो, आणि तो त्यावर कोणाला पाय ठेवू देत नाही.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. मी नोकरीसाठी अमरावतीहून इथे आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. त्याच्या आदल्या हिवाळ्यात काका-काकू मुलीकडे, कॅनडाला, चार महिने राहून आले होते. लोक तिकडून चॉकलेटं आणतात. काकांनी मासे धरायची अडीच फुटी काठी आणली, आणि तिच्याबद्दलचं सगळं ज्ञान आणलं.

ते ज्ञान असं. गोठलेल्या तळ्याला भोकं पाडून दोन काठ्या घेऊन बसायचं. एक हातात धरून सारखी हलवायची, म्हणजे मासे बघायला जमतात. दुसरीच्या गळाला बोटाएवढी जिवंत मासोळी लावायची आणि ती बाजूला ठेवून द्यायची. धीट मासा हलत्या गळावर झडप घालतो. लाजरा मासा मात्र दुसऱ्या गळाशी गुपचूप येतो. या दुसरीला काकांनी नाव दिलं होतं निजलेली काठी, आणि तिचा नियम एकच: "हात नाही लावायचा."

हा नियम पुढे घरभर पसरला. इडलीपात्र, दह्याचं विरजण, काकूंचा रुसवा, कशालाच हात लावायचा नाही. एकदा विजेचा मिस्त्री शिडीवर चढून मीटरची पेटी उघडत होता. काकांनी खालून आपलं वाक्य टाकलं आणि तो बिचारा मुकाट्याने खाली उतरला.

ऑगस्टमध्ये कॅनडाची काठी कूलरच्या पंख्यात अडकून मोडली. नवी घ्यायला काका मला घेऊन सदर बाजारात गेले. दुकानदाराने सहा-सहा फुटांच्या चकचकीत काठ्या काढल्या. काकांनी खिशातून दोरा आणि शेंगदाणे काढले.

"बूड खंबीर पाहिजे, टोक लाजाळू," ते म्हणाले. "एक दाणा टांगला का टोक वाकलं पाहिजे. माशानं तोंड लावलं अन् त्याले काठी जड लागली, तर तो थुंकून जाते."

अकरा काठ्यांना दाणा टांगून झाला. दुकानदाराने आधी चहा मागवला, मग आशा सोडली. बाराव्या काठीचं टोक नुसतं नमलं. काकांनी ती घेतली, वरचा अडीच फुटांचा तुकडा दुकानातच कापून घेतला आणि उरलेली साडेतीन फूट काठी दुकानदाराला परत केली. तो माणूस अजून आम्हाला विसरला नसेल.

डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी काका पुरानी बस्तीपलीकडच्या तलावावर जाऊ लागले. कधी एखादा मासा आणत, बहुधा काहीच नाही. जानेवारीत त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, शुक्रवारी. शनिवारी संध्याकाळी काकू वर आल्या. म्हणाल्या, डॉक्टरांनी आठ दिवस घरी बसायला सांगितलंय, पण हे ऐकून नाही राहिले. निदान तू तरी स्कूटरवर ने, एकटे गेले तर पडतील.

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. काकांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू. तलावाच्या पायऱ्यांवर बसल्यावर मासोळीसुद्धा मीच गळाला लावली. रागावून मी विचारलं, एक रविवार चुकला असता तर काय झालं असतं?

काकांनी काठी पायरीवर ठेवून गळ पाण्यात सोडला. मग त्यांनी सांगितलं. रश्मीने, त्यांच्या मुलीने, आपल्या मनाने लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. सहा वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. नातू झाला तेव्हा काकूंनी जवळजवळ ओढूनच त्यांना कॅनडाला नेलं. तिथेही बापलेकीत "चहा घेता का?" "हव," एवढंच बोलणं. एका शनिवारी जावई त्यांना मासे धरायला नेणार होता. ऐनवेळी बाळाला ताप आला, जावई घरी थांबला आणि गाडी रश्मीने काढली.

"बर्फावरच्या तंबूत आम्ही दोघंच," काका म्हणाले. "चूक माझी होती, ते मले बोलता नाही आलं. ती बी त्यावर काही नाही बोलली. मले काठी कशी निवडायची ते सांगत राहिली. चार तास सांगतलं पोट्टीनं."

सात वाजले. काकांनी मोबाईल मासोळ्यांच्या डब्याला टेकवून, समोर काठी दिसेल असा उभा केला, तेवढ्यात तो वाजला. रश्मीचा फोन. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती, तिची दर आठवड्याची मासे धरायची वेळ. पडद्यावर कंदिलाच्या उजेडात कानटोपी घातलेली एक तरुणी, तिच्यापुढे बर्फातलं काळं भोक आणि दोन काठ्या. मला "नमस्ते भैया" म्हणाली, बापाला डोळा दुखतो का विचारलं. दुखत नाही, काका म्हणाले. मग दोघं आपापल्या पाण्याकडे बघत बसली. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

मी तिच्याच काठ्या बघत होतो. त्यामुळे आमची काठी मी पाहिलीच नाही.

"बाबा," रश्मी हळूच म्हणाली, "टोक वाकून राहिलं."

काकांचा हात काठीवर गेला आणि तिथेच थांबला. "मले दिसत नाही, बेटा. सांग."

"थोडं वाकलं... सरळ झालं. पुन्हा वाकलं. तो घेऊन राहिला बाबा, थांबा. थांबा. आता खाली चाललं. आता उचला."

काकांनी उचललं नाही. मान तिरकी करून, कान मोबाईलकडे लावून ते ऐकत होते. ती सांगत राहिली, मग "बाबा, काहून नाही उचलत?" म्हणाली आणि खुदकन हसली. काकांनी काठी वर घेतली तेव्हा गळ धुतल्यासारखा स्वच्छ होता.

परतीच्या वाटेवर ते माझ्या खांद्याला धरून बसले होते. फाटकात काकू उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लागलं का काही?"

"हव," काका म्हणाले, आणि चहा टाकायला सांगून आत गेले.