सुपारीच्या पोटाची फाईल

साहेब, चूक तुमची आहे. नीलकंठरावांना तीस जूनला सेवानिवृत्त करणारा आदेश तुम्ही काढलात, खाली सही ठोकलीत आणि त्याच्या सात प्रती पाठवल्यात. कोषालयाला एक, लेखा शाखेला एक, भांडाराला एक, पार फाटकाचा नि स्टाफ बसचा पास देणाऱ्या खिडकीलाही एक. पण हा माणूस दुसऱ्या दिवसापासून ज्या घरात चोवीस तास बसणार होता, त्या रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या घरी एकही प्रत गेली नाही. ना बायकोला विचारलंत, ना मांजरीला. मग जे व्हायचं तेच झालं.

मांजरीचं नाव सुपारी. रंगही भाजक्या सुपारीचा. नीलकंठराव सकाळी नऊच्या बसनं नव्या रायपूरला मंत्रालयात जात आणि संध्याकाळी साडेसहाला उगवत. मधल्या वेळात खिडकीजवळची वेताची खुर्ची सुपारीची असे. सहा वर्षं त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. एक जुलैला सकाळी साडेदहाच्या ठोक्याला नीलकंठरावांनी सुपारीला उचलून खाली ठेवलं आणि त्या खुर्चीवर स्वतः स्थानापन्न झाले. निरोप समारंभात मिळालेली पितळेची घंटी त्यांनी शेजारच्या तिपाईवर ठेवली. आणि वाजवली.

कौमुदीबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय झालं हो?"

"काही नाही. चहा."

"तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"सवय आहे ना. सुटंल हळूहळू."

सुटली नाही, वाढली. चहाला घंटी, पेपराला घंटी, चष्मा कुठाय म्हणून घंटी. तो नाकावर असे. प्रत्येक घंटीला सुपारी दचकायची, पलंगाखाली सरकायची आणि पोट चाटायला बसायची. पंधरा दिवसांत तिच्या पोटावरचे आणि मांड्यांमधले केस असे गेले, जणू न्हाव्यानं वस्तरा फिरवला.

दुसऱ्या कुणी मांजरीला डॉक्टरकडे नेलं असतं. नीलकंठरावांनी फाईल उघडली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : सुपारी हिच्या पोटावरील केस गळणेबाबत.' आत रकाने आखले आणि एक जुलैपासूनच्या नोंदी आठवून भरल्या. तारीख, वेळ, चाटले किंवा नाही, शेरा. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात पेन घेऊन ते मांजरीच्या मागे. ती पलंगाखाली गेली की हे ओणवे होऊन टॉर्च मारत. ती कपाटावर चढली की हे स्टुलावर.

"दीदी, बिलई ला काकरो नजर लगे हे," भांडी घासता घासता कलावती म्हणाली.

"नजरबिजर काही नसते," मांजरीवरची नजर न काढता नीलकंठराव म्हणाले. "अकरा दहा. चाटले."

त्याच सुमारास न्हाणीघराची मोरी तुंबायला लागली. दर आठवड्याला काडी घालून केसांचा गुंता काढावा लागे. नीलकंठरावांनी त्याचीही वेगळी फाईल उघडली आणि शेऱ्यात लिहिलं, 'मांजरीचे केस. सबब दोन्ही फाईली एकत्र जोडाव्यात.'

"अहो, मांजर कधी न्हाणीत जाते काय? पाण्याले भिते ती," कौमुदीबाई म्हणाल्या.

"तू मधात नको बोलू. चौकशी सुरू आहे."

चौकशीनंतर कारवाई. आधी कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ. त्यात नीलकंठरावांच्या मनगटापासून कोपरापर्यंत सुपारीनं आपला शेरा लिहिला. मग खोबरेल तेल. तेलाची चव तिला आवडली, म्हणून दुप्पट चाटलं. शेवटी नीलकंठरावांनी आपल्या जुन्या बनियनची बाही कापून तिला चार पायांची बंडी शिवली. बंडी अंगात जाताच सुपारी जी सुटली ती भिंतीवरून थेट शेजारच्या गुलाबरावांच्या अंगणात, तिथून वाळत घातलेल्या पापडांवर आणि तिथून गुलाबरावांच्या डोक्यावर. त्यांच्या डोक्यावरच तिची बंडी सुटली. टक्कल पडलेलं ते पोट अख्ख्या गल्लीनं पाहिलं.

गुलाबराव तावातावानं फाटकाशी आले. "नीलकंठराव, मांजरीले खरूज आहे तुमच्या! माह्या नातवाले लागली म्हणजे?"

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पक्की झाली. दुधवाला फाटकाबाहेरूनच पातेलं मागायला लागला. दुसऱ्या दिवशी कलावतीनं झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "दीदी, बिलई राहील तर मी नाही येत."

नीलकंठरावांनी फाईलवर अंतिम आदेश लिहिला. शहराबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांच्या भाच्याच्या रोलिंग मिलमध्ये उंदीर झाले होते. सुपारीची रवानगी रविवारी तिकडे.

कौमुदीबाईंनी तो आदेश वाचला. बत्तीस वर्षांत या बाईनं आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. फक्त घंटी उचलली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी गाडली.

"उरल्याले? ट्रकांच्या धुराळ्यात? हे पोट घेऊन?" त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टर. ते म्हणतील खरूज, तर न्या. नाही तर एक बॅग तिची भरा अन् एक माही."

डॉक्टर निधी म्हणजे विशीतून नुकती बाहेर पडलेली पोरगी. घरात मराठी, पण बोलायची हिंदीतच. तिनं जांभळ्या दिव्याखाली सुपारीचं पोट तपासलं, कातडी खरवडून भिंगाखाली पाहिली, पिसवा शोधल्या.

"अंकल, खुजली नहीं है. फंगस भी नहीं. बाल झड़ नहीं रहे, ये खुद चाट-चाट के निकाल रही है. टेन्शन में है."

"मांजरीले कायचं टेन्शन?" नीलकंठराव हसले. "ना ऑडिट, ना विधानसभेचा प्रश्न!"

"कब से है?"

हा प्रश्न येणार हे नीलकंठरावांना ठाऊकच होतं. त्यांनी अभिमानानं फाईल पुढे सरकवली. डॉक्टरनं एक एक पान उलटलं. अशी केस आणणारा पेशंट तिला जन्मात भेटला नसावा.

"वाह अंकल! पर ये बीच में दो दिन ज़ीरो है?"

"मी नागपूरला लग्नाले गेलो होतो. ते दोन दिवस हिनं भरले."

"और शुरू हुआ एक जुलाई को. उस दिन घर में नया क्या आया? कोई दूसरी बिल्ली? नया फर्निचर? मेहमान?"

"काहीच नाही."

"सोचिए अंकल."

नीलकंठरावांनी विचार केला. छताकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं, सुपारीकडे पाहिलं. सुपारी त्यांच्याकडे बघत पोट चाटायला लागली.

"मी आलो," ते म्हणाले.

कौमुदीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या खोकत होत्या की काय, देव जाणे.

आपल्याच हातानं आपल्याविरुद्ध एवढा चोख पुरावा मंत्रालयात कुणी गोळा केला नसेल. डॉक्टरनं इलाज लिहिला : खुर्ची परत करा. मागे फिरू नका, टक लावून बघू नका. ती जवळ आली तर येऊ द्या. आणि पहिल्यासारखी दिनचर्या ठेवा. "दस से पाँच आप कहाँ रहते थे, अंकल?"

सोमवारी नीलकंठराव डबा घेऊन, तिकीट काढून नव्या रायपूरच्या बसमध्ये बसले. मंत्रालयाच्या फाटकावर दयाराम गार्डनं रोज ठोकायचा तसा सलाम ठोकला आणि मग हात आडवा केला. "सर, पास?" पास तुमच्या सातव्या प्रतीनं गिळला होता, साहेब. नीलकंठराव रस्त्यापलीकडे बसथांब्यावर जाऊन बसले. समोर चार मोटारी शेजारी शेजारी पळतील एवढा रस्ता, आणि त्यावर माणूस नाही.

अर्ध्या तासानं एक म्हातारी थांब्यावर आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "भैया, ये कागद कहाँ देना हे?" सकाळपासून ती तिसऱ्या इमारतीकडून परत आली होती. नीलकंठरावांनी कागद पाहिला, खिशातलं पेन काढलं, अर्ज पुन्हा लिहून दिला आणि बोटानं इमारत, मजला, खिडकी, बाबूचं नावसुद्धा सांगितलं. म्हातारी तासाभरानं परत आली ती पोचपावती नाचवतच. पदराची गाठ सोडून तिनं त्यांच्या ओंजळीत मुरमुरे ओतले आणि डोक्यावर हात ठेवला. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर! सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असा हात मिळाला नव्हता.

मग रोज कुणी ना कुणी. दयाराम स्वतःच फाटकावरून लोकांना पाठवायला लागला, "हव, ओ बाबूजी ला पूछ लो."

दिवाळी झाली. सुपारीच्या पोटावर आधी खुंट आले, मग लव, मग मखमल. कलावतीनं झाडू कधीच उचलला होता. गुलाबराव पापड विसरले.

डिसेंबरात एक दिवस नीलकंठरावांना परतीची लवकरची बस मिळाली आणि ते तीन वाजताच घरी पोचले. फाटक उघडताना खिडकीतून आत नजर गेली. वेताच्या खुर्चीत सुपारी चारी पाय वर करून पसरली होती. खाली चटईवर कौमुदीबाई झोपल्या होत्या. न्हाऊन झालेलं, केस उशीवर मोकळे पसरलेले. दाट.

नीलकंठराव तिथेच थबकले. जुलैत या बाईचा अंबाडा लिंबाएवढा झाला होता. हे आता आठवलं. मोरीतल्या गुंत्यातले केस हातभर लांब होते, हेही. हातभर लांब केसांची मांजर या रायपुरात कुठं असते? तो गुंता त्यांनी दर आठवड्याला स्वतःच्या हातानं काढला होता आणि शेऱ्यात मांजरीचं नाव लिहिलं होतं.

त्यांनी फाटकाची कडी आवाज न करता लावली. चपला हातात घेतल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसून राहिले. साडेतीन तास. साडेसहाला चपला घालून दार ठोठावलं.

"आलात?" कौमुदीबाईंनी डबा घेतला. "चहा ठेवते."

"राहू दे. मी ठेवतो." मग चपला काढता काढता सहज विचारल्यासारखं, "मोरी कशी आहे?"

कौमुदीबाईंनी डबा धुवायला ठेवला. "तुंबलीच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जायला लागल्यापासून."

नीलकंठराव आत गेले. दूध गॅसवर ठेवायच्या आधी त्यांनी अर्धी वाटी सुपारीच्या ताटलीत ओतलं आणि कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाले, "उपकार झाले तुझे, बाई. तू चाटलं नसतं तर मले कोण सांगणार होतं?"

त्यांचं हे बरोबर आहे. पण साहेब, तुमचं काय? मांजरीनं निदान पोट दाखवलं, म्हणून तिला डॉक्टर मिळाली. कौमुदीबाईंनी काय दाखवायचं होतं, आणि कुठल्या खिडकीवर? सात प्रती काढल्यात. आठवी काहून नाही काढली? उत्तर द्या.