आबासाहेबांची सीट

एका जंगलात, बाळांनो, एक खाडी होती. जंगलात खाडी कशी, असं विचारू नका. मध्ये मध्ये विचारणाऱ्या मुलांना गोष्टही कळत नाही आणि झोपही लागत नाही.

त्या खाडीवर धाकू नावाचा ऊद होडी चालवायचा. ऊद म्हणजे पाणमांजर; होडी हाकतो म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणत. अकरा वर्षं तो सुकाणूपाशी बसून सगळ्या जंगलाला अल्याडचं पल्याड करत होता. होडी झकास होती. पण सुकाणूपाशी बसायची फळी मेली छळवादी. पाठीला टेकू नाही आणि बरोबर मधोमध लाकडाची गाठ. धाकू डावीकडे सरकला तर ती उजवीकडून टोचायची, उजवीकडे सरकला तर डावीकडून.

शेवटी त्याची पाठ धरली. बगळा वैद्य म्हणाला, "धाकूभाऊ, फळी बदला, नाहीतर सुकाणू सोडा."

सुकाणू सोडायला धाकू काही तयार होईना. होडीवर त्याचा जीव होता हो. शिवाय त्याच्या जागी खेकड्याचं नाव पुढे होतं. खेकडा कामाला वाघ, पण होडी आडवीच नेणार.

धाकूने जंगलसभेत गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांनी "अरेरे" म्हटलं. नवी सीट हवी यावर एकमत झालं. ती कोणी द्यायची म्हटल्यावर जो तो आपापली शेपटी निरखू लागला.

तेवढ्यात हंबीरराव गवा उठले. जंगलातलं मोठं प्रस्थ. होडीत ते कधी बसले नव्हते, कारण खाडी त्यांना गुडघाभरच लागायची.

ते म्हणाले, "सीट मी देतो. फक्त आमच्या वडिलांच्या स्मरणार्थ. कैलासवासी आबासाहेबांचं नाव तेवढं तिच्यावर असावं."

"असू दे की," धाकू म्हणाला. नावाने कुठे कोणाची पाठ दुखते?

सुतारपक्षी कामाला लागला. सागाची सीट, पाठीला छान बाक, हात टेकायला दोन्हीकडे दांडे. पाठीवर त्याने आधी देणगीदारांचं नाव कोरलं. मग हंबीररावांचे चार भाऊ म्हणाले, आमचं? मग सहा मुलगे. मग जावईबापू, त्यांना वगळून कसं चालेल? पाठ भरली. दांडे भरले. आबासाहेबांना जागा उरली ती फक्त बसायची. तिथे ठसठशीत अक्षरांत कोरून वर लाल रंग भरला.

उद्घाटनाला नारळ फुटला, हार पडला, चहा झाला. चहाच्या चुलीत जुनी फळी गेली. हंबीरराव गहिवरून म्हणाले, "धाकूतांडेल, बसा."

धाकू शेपटी सावरून बसायला वाकला. तोच साळुंकीबाई ओरडल्या, "अगं बाई! आबासाहेबांवर?"

सगळं जंगल धाकूकडे बघू लागलं. धाकू अर्ध्यावर तसाच थांबला आणि मुकाट्याने उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून प्रवासी होडीत चढले की आधी सीटच्या पाया पडत. कोणी फूल वाहत, कोणी सुपारी ठेवत. धाकू बाजूला कमरेत वाकून सुकाणू धरी. पाठ आधी नुसती ठणकायची, आता जीव काढू लागली. एकदा त्याने हळूच सीटवर गोणपाट टाकलं आणि टेकला. साळुंकीबाईंनी भर खाडीत बोंब ठोकली. बघायला सगळे एका बाजूला धावले, होडी कलंडली आणि ससेकाका दोन गटांगळ्या खाऊन वर आले.

धाकू घरी आला तो रडवेला होऊन. "यसू, संपलं. उद्यापासून खेकडा."

त्याची बायको यसू मासे साफ करत होती. ती म्हणाली, "बसायला मिळत नाही ना? मग सरळ तरी उभे राहा. सुकाणूच्या दांड्याला बांबू बांधा लांबसा. वाकायला सांगितलंय कोणी?"

धाकूने बांबू बांधला. ताठ उभा राहून होडी हाकू लागला. आठ दिवसांत पाठ मोकळी झाली, पंधरा दिवसांत तो शीळ घालू लागला. खेकडा निराश होऊन बिळात गेला, तोही आडवाच.

ही बातमी जंगलभर झाली. बांबूची नव्हे, सीटची. धाकूची पाठ आबासाहेबांच्या सीटने बरी केली! मग काय, पाठदुखीवाल्यांची रीघ लागली. नमस्कार करायचा, पाठ चोळायची आणि पल्याड उतरायचं. बगळा वैद्यही एकदा गुपचूप येऊन गेला.

हंबीररावांचा आनंद गगनात मावेना. ते पाण्यातून चालत होडीपाशी आले आणि धाकूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला इतका गुण आला, तर अजून एक सीट देऊ. आमच्या आईसाहेबांच्या नावाची. त्या अजून ठणठणीत आहेत, म्हणून थांबलोय."

धाकूने होडीभर नजर फिरवली. दुसरी सीट आली, की उभं राहायलाही जागा उरणार नव्हती.

तेव्हापासून तो रोज सकाळी आईसाहेबांकडे ताजे मासे घेऊन जातो. गवे मासे खात नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. पण प्रकृतीची चौकशी करायला रिकाम्या हाताने कसं जायचं? परतताना तो देवाजवळ त्यांच्यासाठी शंभर वर्षं मागतो, अगदी मनापासून. जंगल म्हणतं, इतका मायाळू तांडेल पाहिला नाही.

तात्पर्य : उत्तम सीट मिळाली की पाठीचं दुखणं हमखास जातं. तिच्यावर बसायचं तेवढं टाळावं.