आयोडीनवाले वानखेडे सर

आमचे शेजारी वानखेडे सर पंगतीत बसले की मिठाच्याही आधी भातावर आयोडीनचा थेंब टाकत. भात निळाकाळा पडला की मुलगी पसंत पडल्यासारखे खूश होत. "पाहा, स्टार्च!" मग तेवढी शितं बाजूला सारून उरलेला भात वरणासकट चापत.

ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. विज्ञानाशी माझा संबंध स्टोव्हला पिन मारण्यापुरता, आणि तीही बायकोच मारायची.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सीताबर्डीवर घेतलेला नवा सदरा, कडक कांजी करून, घालून मी व्याख्यानाला निघालो, तर सर फाटकातच आडवे.

"मराठीवाले, सदरा काहाचा?"

"कापसाचा."

"ग्लुकोजचा हाय गा! भातबी ग्लुकोजचाच. मणी तेच, ओवाची तऱ्हा येगळी. भातातले मणी आपलं पोट सोडवते. कापसातले उलटेसुलटे ओवले, ते सुटत नाही. सेल्युलोज म्हणतात त्याले."

"मग गाय गवत कसं पचवते?"

"तिच्या पोटात जंतू हाय सोडवाले. तुमच्या नाही. सदरा खाऊ नका."

आणि कांजीची खात्री म्हणून त्यांनी माझ्या खिशावर थेंब टाकला. रुपयाएवढा निळा डाग! बदलायला वेळ नव्हता. तसाच गेलो. विषय होता 'सौंदर्यदृष्टी'. श्रोते शेवटपर्यंत एकटक बघत होते, खिशाकडे.

संध्याकाळी सर माफी मागायला आले. मी विनोद करायला गेलो, "आपल्या अंगात काय असतं सर, भात की कापूस?"

"ग्लायकोजेन," ते म्हणाले. "मणी तेच, पण फांद्याच फांद्या. लिव्हरमध्ये साठते. उपाशी राहिलं का शरीर सोडवून घेते." मग म्हणाले, "आमच्या सुमीचं सुटत नव्हतं."

सरांना मुलगी होती, हे इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं.

"साठा भरलेला, अन् रक्तात साखर नाही. झोपेतच गेली. आता वाचून राहिलो, परदेशात अशा लेकरांले कच्चं कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं स्टार्च, पाण्यात कालवून पाजतात. हळूहळू सुटते, पहाटपर्यंत पुरते."

 मी म्हणालो, "तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, सर."

"नव्हतं," सर म्हणाले. "पण कॉर्नफ्लोअरचा डबा घरातच होता गा. पाहुणे आले का तिची माय टमाट्याच्या सुपात टाकाची."