पाइपपाशी तुटेना

"पाइपपाशीच तुटायला पाहिजे गं, पण भलतीकडंच तुटतंय!" अविराज खोलीत फोनवर कळवळून सांगत होता, आणि बाहेर खिडकीखाली गायीला वैरण टाकणाऱ्या त्याच्या वडिलांच्या, सावळारामांच्या हातातली पेंढी तिथल्या तिथं थांबली.

बोलणं खरं तर अगदी निरुपद्रवी होतं. अविराज शेळगावातल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. त्यांच्या भाजीबाजाराच्या ॲपमध्ये 'वांगी|शेळगाव|दहा क्रेट' अशी सलग ओळ यायची, आणि तिचे त्या उभ्या रेघेपाशी तुकडे करायचे होते. कॉम्प्युटरवाले या रेघेला पाइप म्हणतात. पण ही रेघ त्यांच्यात जरा मानाची. तिला स्वतःचा खास अर्थ असतो, त्यामुळे 'इथं तोड' म्हटलं तरी कॉम्प्युटर भलतंच समजत होता आणि अक्षर न् अक्षर सुटं करत होता. वांग्यातला व एका ओळीत, काना दुसऱ्या ओळीत आणि अनुस्वार बिचारा तिसरीकडेच लोंबकळत होता.

सावळारामांना पाइप एकच ठाऊक होता. तो त्यांच्या बांधाखालून जायचा आणि तो होता शेजारच्या मानसिंगरावांचा. तीन उन्हाळ्यांमागे ऊस सुकायला लागला तेव्हा सावळारामांनी गुपचूप त्या पाइपला एक जोड मारून आपल्या पाइपलाइनशी त्याची गाठ घालून दिली होती. मधे व्हॉल्व बसवला होता आणि त्यावर फरशी ठेवून माती लोटली होती. कुणाला संशय नको म्हणून आपली मोटार चालू केली की मगच ते हा व्हॉल्वही हळूच उघडायचे. बायकोला, बनाबाईंनासुद्धा पत्ता नव्हता. आणि आता त्याच मानसिंगरावांची निकिता अविराजला द्यायचं ठरलं होतं. पोरं एकमेकांवर खूश होती, रविवारी सुपारी फुटायची होती. त्याआधी पाइपचं बिंग फुटलं तर सुपारी कसली फुटतेय!

"वरून साधाच दिसतो गं पाइप," आतून आवाज आला, "पण त्याची भानगड मला आता कळलीय. चार वाजता सगळ्यांसमोर उघडून दाखवतो!"

सावळारामांनी पेंढी तशीच धरून खिडकीला कान लावला.

"अवो, गाय कवाधरनं तोंडाकडं बघतीय तुमच्या," बनाबाई म्हणाल्या. "पेंढी टाका की!"

"पोरगं कुणाशी बोलतंय गं?"

"मला काय ठावं? बाईमाणूस हाय येवढं खरं."

"निकिताच!" सावळाराम पुटपुटले. फोनवर होती ती पुण्याच्या ऑफिसातली स्वरूपा, पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्यांनी फावडं उचललं आणि बांध गाठला.

पुरावाच नाहीसा करायचा, असा त्यांचा बेत होता. त्यांनी माती ओढली, फरशी सारली, व्हॉल्व धरून जोर लावला. व्हॉल्व हलला नाही. दोन्ही पाय रोवून आणखी जोर लावला, तेव्हा दांडा मुळासकट त्यांच्या हातात आला आणि ते चिखलात बसले. आता व्हॉल्व उघडाच अडकला होता आणि वर ताजा उकरलेला खड्डा लांबून दिसत होता. लपवायला गेले आणि जाहिरातच करून बसले! तिथंच बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं, पोरानं चारचौघांत सांगण्यापेक्षा आपल्या तोंडानं सांगितलेलं बरं.

मानसिंगराव ओसरीवर चहा पीत होते. गुडघाभर चिखल आणि हातात दांडा असे होणारे व्याही बघून ते उठूनच उभे राहिले.

"मानसिंगराव, मी चोर हाय," सावळाराम म्हणाले. "तुमच्या पाइपाला व्हॉल्व लावून तीन वर्सं पाणी घेतोय. मला काय बोलायचं ते बोला, पर पोरांचं मोडू नका."

मानसिंगराव ओसरीच्या पायऱ्या उतरून आले. मग त्यांनी सावळारामांच्या खांद्यावर हात ठेवला. "आवो, पाणीच त्ये! त्येच्यापायी कुणी सोयरीक मोडतंय व्हय? बसा, च्या घ्या."

एवढा मोठा मनाचा माणूस आपण लुबाडला, या विचारानं सावळारामांचे डोळे भरून आले. ते डोळे पुसत होते तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली.

"आबा, हितं हाय व्हय? आई म्हणली फावडं घिऊन गेलाय, मला वाटलं भांडण झालं!" अविराज हसत आत आला. "माझं जमलं बरं का! पाइपच्या आधी दोन तिरक्या काड्या टाकल्या, झालं. काय कुठं चाललंय ते सायबांना लख्ख दिसलं!"

मानसिंगरावांनी कपबशी घाईनं खाली ठेवली.

"काय कुठं चाललंय... म्हंजी त्ये बी कळलं पोराला?"

"त्ये बी म्हंजी?" सावळारामांनी विचारलं.

"आता लपवून काय उपेग," मानसिंगरावांनी मान खाली घातली. "ती लाइन मी दोन वर्सं झाली बंद केलीय. नवी लाइन वड्याकडनं आणली, पर ती पेरूच्या बागंपतूर पोचत न्हाय. तुमी मोटार लावून व्हॉल्व उघडला की तुमचंच पाणी त्या जुन्या पाइपातनं माझ्या पेरूला येतंय. मला म्हाईत व्हतं. बोललो न्हाय."

"तरीच माझ्या उसाला पाणी पुरंना!"

"कसला व्हॉल्व? कसले पेरू?" अविराजला काही उमगेना. "पाइप म्हंजी रेघ वो, कॉम्प्युटरातली!" आणि त्यानं अंगणातल्या धुळीत बोटानं एक उभी रेघ ओढली.

दोघा व्याह्यांनी वाकून ती रेघ बघितली. सावळारामांना रागवायचं होतं, पण कुठल्या तोंडानं रागवणार? आधी मानसिंगराव खुदकले, मग सावळारामांनाही हसू आवरेना.

"रईवारी सुपारी फोडायचीच," मानसिंगराव म्हणाले. "येवढी सारख्याला सारखी सोयरीक कुठं मिळायची?"

सावळाराम हलक्या मनानं पोराच्या मागं मोटरसायकलवर बसले. गाडी सुरू झाली तशी मागून हाक आली.

"सावळारामराव, घरी गेलं की तेवढी मोटार लावा बरं का! सकाळधरनं पेरूला थेंब न्हाय."